न उचलायचा फोन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. वडील भाजीचा मळा करायचे. मेथी, कोथिंबीर, चाकवत. आमचं गाव आता पुणे महापालिकेत आहे, तेव्हा हद्दीबाहेर होतं. स्वारगेटहून गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये कुणी चौकशी केली, की वडील सांगायचे, "पोरगी टेलिफोनात हाय." त्यावर समोरचा हमखास म्हणायचा, "मग आमच्या कनेक्शनचं बघा की जरा. अर्ज देऊन म्हातारा झालो."

टेलिफोन खात्याशी माझा काही संबंध नव्हता. मी कामाला होते कसबा पेठेत, एका अरुंद जिन्याच्या टोकाला असलेल्या दोन खोल्यांत. आमचे मालक दुकानांना, दवाखान्यांना, छोट्या कारखान्यांना टेलिफोनची मशीनं बसवून द्यायचे. भिंतीवर टांगायची पेटी, औषधाच्या कपाटाएवढी. तिच्यात एका बाजूने बाहेरच्या दोन-तीन लाइनी शिरतात आणि दुसऱ्या बाजूने आतले आठ-दहा फोन निघतात. बाहेरून फोन आला तर तो कुठे वाजवायचा, तिथे कुणी नसेल तर पुढे कुणाकडे ढकलायचा, आतल्या माणसाने शून्य दाबलं तर त्याला बाहेरची लाइन द्यायची की नाही, कुणाला मुंबई लागू द्यायची आणि कुणाला नुसतं पुणं, हे सगळं त्या पेटीला शिकवावं लागतं. ते शिकवणं हे माझं काम. संगणक वगैरे काही नव्हता. आतल्याच एका फोनवर ठरलेले आकडे दाबायचे. बरोबर असेल तर मशीन तुटक पीप-पीप करतं, चुकलं तर लांबलचक रडतं. मी दाबल्यावर ते फारसं रडायचं नाही.

पहिले काही महिने मी मालकांच्या मागे पिशवी धरून हिंडले. मग मार्केट यार्डातल्या एका आडत्याची ऑर्डर आली आणि मालकांनी मला समोर बोलावलं.

"आपण पदवीधर आहात," ते म्हणाले. मला 'आपण' म्हटलं की पुढे टोमणा येतो, हे एव्हाना कळलेलं होतं. "हे मशीन एकटीनं बसवा. मशीन तिथं राहिलं, तर आपण इथं कायम."

"आणि परत आलं तर?"

"तर दोघांना ठेवायला आमच्याकडे जागा कुठंय?"

बोलणं सरळ होतं, मला आवडलं. जिना उतरताना भीती वाटली असेल तर ती जिन्यावरच राहिली.

तो गाळा टोमॅटो आणि कांद्याचा. बाप-लेकाचा व्यवहार. थोरले शेठ दाराशी गादीवर बसत, पांढरी टोपी, हातात अडकित्ता, बोलणं जेमतेम. धाकटे शेठ कॉमर्सला जाऊन आलेले, आत काचेच्या केबिनमध्ये. मशीनची हौस धाकट्यांची. मला बघून ते म्हणाले, "इंजिनियर कधी येणार?"

"आलेय," मी म्हणाले. "शिडी द्या."

धाकट्यांच्या मागण्या पाठ होत्या. जुना नंबर एक होता, त्यांनी आणखी दोन घेतले होते. तिन्ही लाइनी मशीनला. फोन आला की पहिल्याच रिंगला मशीनने उचलायचा, नमस्कार करायचा आणि विचारायचं, हिशेबाला हा आकडा दाबा, मालाला हा दाबा. "मुंबईच्या व्यापाऱ्याला वाटलं पाहिजे, पुण्यात कंपनी आहे." नमस्काराला आवाज लागतो. गाळ्यातल्या सगळ्यांचे आवाज लिलावाने फाटलेले, म्हणून तोही माझाच भरला.

मग कुणाला काय लागू द्यायचं ते ठरलं. दोन्ही शेठना सगळं मोकळं. हमालांच्या बाकाजवळच्या फोनला नुसतं आतलं. हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींना पुणं आणि ज्या गावांहून माल येतो तेवढे कोड, बाकी पहिल्या शून्यानंतर परगावच्या कोडचं दुसरं शून्य आलं की मशीनने तिथंच कापायचं. दिवाणजी केबिनबाहेर मला गाठून हळूच म्हणाले, "ताई, मुंबईचा कोड राहू द्या ना चुकून. मेहुणा असतो तिकडे."

"मशीन चुकत नाही, दिवाणजी."

"मशीन नाही हो, तुम्ही चुका."

मी चुकले नाही. पुढे वर्षभर ते मला नमस्कार करताना मुंबईच्या मेहुण्याची आठवण काढायचे.

थोरल्यांना मी विचारलं, "तुमच्यासाठी काय ठेवू, शेठ?" त्यांनी अडकित्त्यातून सुपारी उडवली आणि म्हणाले, "माझ्यासाठी? जुना होता तो बरा होता." त्यांच्या पुढ्यातला काळा, जड टेलिफोन काढून मी तिथे नवा, राखाडी ठेवला. काळा त्यांनी स्वतः उपरण्यात गुंडाळून गादीमागे सरकवला.

सोमवारी मशीन सुरू केलं. सगळं मी ठरवल्याप्रमाणे चाललं. आत-बाहेर फोन लागले, दिवाणजींची मुंबई अडली, धाकटे शेठ दर थोड्या वेळाने शेजारच्या गाळ्यातून स्वतःच्याच नंबरला फोन करून माझा नमस्कार ऐकून यायचे. मी मालकांना कळवलं, झालं. "झालं हे गिऱ्हाइकाने म्हणायचं असतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तर गाळ्यासमोर टोमॅटोची गाडी उन्हात उभी आणि टोमॅटो उतरवणारा एकही हमाल नाही. ते सगळे आधीच दुसऱ्या गाळ्यांनी बोलावून नेलेले. उलट कांद्याच्या टोळीतले दोघे पहाटेपासून बिड्या ओढत बसून होते, आणि कांदा आलाच नव्हता. ड्रायव्हर खोक्यांवर भिजवलेलं पोतं टाकत धाकट्यांना सुनावत होता.

"फोन केला होता मी! तुमच्याकडं कुणी बाई बोलती. नमस्कार म्हणती, आकडं दाबा म्हणती. मी म्हटलं नंबर चुकला. पुन्हा लावला तर पुन्हा तीच बाई. बूथवाल्यानं पैसं घेतलं ते वेगळंच!"

हमालांत हशा पिकला. "शेठ, सांगायचं तरी, दुकानात बाई आलीय म्हणून."

"ही काय बाई," दिवाणजींनी माझ्याकडे बोट केलं. ड्रायव्हरने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार." मीही तसाच केला.

धाकट्या शेठना मात्र हसू येत नव्हतं. टोमॅटो उन्हात मऊ पडला की भाव पडतो, आणि यार्डात पडलेला भाव शेजारी मोठ्याने सांगतो. ते मला म्हणाले, "बाई, तुमचं मशीन फोन खातंय. आज काय करायचं ते करा. उद्या सकाळीही असंच झालं, तर पेटी उतरवून घेऊन जा."

मी त्यांच्याच फोनवरून मालकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "टेम्पो सांगून ठेवू का?"

"नको," मी म्हणाले.

मशीनमध्ये दोष नव्हता, याची मला खात्री होती. मी सांगितलं तेच ते करत होतं. मग मी जे सांगितलं त्यातच काहीतरी राहिलं होतं. काय राहिलं ते त्या पेटीत शोधून सापडणार नव्हतं. मी स्टूल ओढलं आणि पेटीसमोर बसून दिव्यांकडे बघत राहिले. प्रत्येक लाइनीला एक बारीक लाल दिवा असतो. फोन आला की लागतो, संपला की विझतो.

लिलाव उरकला, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहून झाल्या, गाळा शांत झाला. जेवणं झाली. आणि मग जुन्या नंबराचा दिवा लागला, आणि विझला. थोड्या वेळाने परत तसंच. फोन यायचा, मशीन तत्परतेने नमस्कार करायचं, आणि पलीकडचा माणूस काही न बोलता ठेवून द्यायचा. नव्या दोन्ही लाइनींवर असलं काही होत नव्हतं. फक्त जुन्यावर.

मी उठून थोरल्या शेठांच्या गादीशी गेले. "शेठ, मशीन नव्हतं तेव्हा या वेळेला तुम्ही काय करत होता?"

"फोन ऐकत होतो."

"कुणाशी बोलत होता?"

"बोलतंय कोण? ऐकत होतो म्हटलं ना."

मी तिथेच खाली बसले आणि मला हसू आलं. कारण हे मला माहीत होतं. कॉलेजातून नव्हे, घरून. आमच्या गावात फोन एकच, किराणा दुकानातला. वडील यार्डात भाजी विकून मोकळे झाले, की आडत्याच्या फोनवरून त्या दुकानात दोन रिंगा द्यायचे आणि ठेवून द्यायचे. दुकानदार फोनला हात लावायचा नाही, आमच्या घराकडे तोंड करून ओरडायचा, "निघालं गं तुमचं माणूस!" फोन उचलला की पैसे पडतात. वाजलेला फुकट. आईने त्या दोन रिंगांवर किती वेळा भाकरीचं पीठ मळायला घेतलं असेल!

"किती रिंगांचा काय अर्थ?" मी विचारलं.

थोरल्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "एक घंटी, माल भरला नाही, वाट बघू नका. दोन, गाडी निघाली."

"आणि कुठली गाडी, ते कसं कळतं?"

"वेळेवरून. जेवणानंतर नारायणगाव. चहाच्या आधी खेड. चहा झाल्यावर वाजला तर कांदा. रोजचीच माणसं आहेत, त्यांना घड्याळ नसलं तरी मला त्यांची वेळ माहीत आहे."

धाकटे शेठ केबिनच्या दारात येऊन ऐकत होते. "अहो दादा, मग हे आधी बोलायचं नाही का?"

"मला कुणी विचारलं? तू मशीन आणलंस. मला वाटलं, तुझं मशीन मोजत असेल."

धाकट्यांना वाटत होतं, गाड्यांचं कसं कोण जाणे, दादांना कळतं. लहानपणापासून कळत आलेलं, म्हणून ते कसं कळतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि ड्रायव्हरांना वाटलं नंबर चुकला. पहिल्या रिंगलाच उचलणारं मशीन म्हणजे या सगळ्यांच्या तोंडावर हात. आजही मी कुठे मशीन बसवायला जाते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते: फोन न उचलता तुमची कोणकोणती कामं होतात? लोक चक्रावतात. कसबा पेठेतल्या एका डॉक्टरांनी उत्तर दिलं होतं, "फोन न उचलणं हेच आमचं काम. उचलायला कंपाउंडर आहे."

त्या दिवशी मात्र उत्तर पक्कं हाती होतं. मी कामाला लागले. जुना नंबर मशीनच्या नमस्कारातून काढला. त्या लाइनीवर आलेला फोन सरळ थोरल्यांच्या राखाडी फोनवर वाजेल असं केलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात आली. आतून कुणी शून्य दाबलं की मशीन पहिली मोकळी लाइन द्यायचं, आणि पहिली म्हणजे हीच. म्हणजे दिवाणजी बँकेशी बोलत असले की नारायणगावहून नंबर लागायचाच नाही. शून्याच्या वाटणीतून ती लाइन वगळली. बाहेर जाणाऱ्यांना नव्या दोन, आत येणाऱ्यांना ही. पीप-पीप. मशीन खूश.

मी नव्हते. करून पाहिल्याशिवाय झालं म्हणायचं नाही, हे मालकांनी शिकवलंच होतं. यार्डाच्या फाटकाजवळच्या बूथमध्ये गेले, जुना नंबर फिरवला, कानात दोन रिंगा ऐकल्या आणि ठेवला. परत येऊन थोरल्यांना विचारलं, "किती?"

"एक."

"दोन दिल्या मी."

"मी एक ऐकली. आणि कान शाबूत आहेत माझे."

धाकटे शेठ केबिनमधून म्हणाले, "टेम्पो बोलवा, बाई."

कान शाबूत होते आणि रिंगाही दोनच होत्या. मला वाटतं माझ्या शिक्षणाचा खरा उपयोग त्या घडीला झाला. पेटीच्या आत काय चालतं ते मला ठाऊक होतं. बाहेरून आलेली पहिली रिंग मशीन 'फोन आला' हे ओळखण्यात घालवतं. मग आत जी वाजते ती त्याची स्वतःची, स्वतःच्या तालात. बाहेरच्या दोन आत एकही होतात, तीनही होतात. मुंबईच्या व्यापाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, तो उचलेपर्यंत थांबतो. पण इथे एक म्हणजे येत नाही आणि दोन म्हणजे निघाली. रिंग हाच निरोप असेल, तर तो मशीनच्या तोंडून ऐकून चालणार नव्हता.

"शेठ," मी थोरल्यांना म्हणाले, "तुमचा काळा फोन द्या."

त्यांनी गादीमागून उपरण्याचं गाठोडं काढलं आणि असं दिलं, जसं काही ते मी मागणारच होते. भिंतीत जिथून लाइन आत येते, तिथे, पेटीच्या आधी, मी तारेला फाटा दिला. एक तार काळ्या फोनला, दुसरी पेटीत. आता बाहेरची रिंग जशीच्या तशी काळ्यावर वाजणार होती. आणि मशीनला मी बजावलं, या लाइनीवर पाच रिंगा होईस्तोवर तू झोपायचं. पाचनंतरही कुणी नेटाने लावून धरलं असेल तर त्याला बोलायचंय, मग तू ऊठ आणि नमस्कार कर.

बूथवर परत गेले. एक दिली. परत आले तर थोरले म्हणाले, "एक." मग दोन. "दोन." मग त्यांचा मला तपासायचा विचार दिसला. "आता कितीही द्या, मी सांगतो." मी तीन दिल्या. परत आले तर म्हणाले, "तीनला अर्थ नाही आपल्यात. उगाच ड्रायव्हरला सवय लावू नका."

धाकटे शेठ केबिनमध्ये आपल्या कागदांकडे वळले. टेम्पोचा विषय पुन्हा निघाला नाही.

नारायणगावची वेळ टळून गेली होती. चहा आला. दिवाणजींनी गाड्या भरतात त्या दोन ठिकाणी फोन करून तिथल्या बूथवाल्यांना सांगितलं होतं, की बाई गेली, आता पूर्वीसारखंच. बाई तिथेच स्टुलावर बसलेली होती. चहाचे कप उचलून नेले, तेव्हा काळा फोन खणखणला. सगळ्यांचे हात थांबले. दुसऱ्यांदा खणखणला. दिवाणजींचा हात सवयीने पुढे गेला, थोरल्यांनी अडकित्ता त्यांच्या बोटांवर हलकाच ठेवला. तिसरी रिंग आली नाही.

"कांदा निघाला," थोरले म्हणाले. "उद्या माणसं सांगून ठेवा."

त्या संध्याकाळी घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते विळ्याने मेथीच्या जुड्या सारख्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "मशीन राहिलं तर दुकानात दोन रिंगा दे. माघारी निघालं तर एक. मी कान देऊन बसतो." मग एक जुडी बाजूला ठेवून, "दोनच येत्याल म्हणा."

सकाळी यार्डात पोचले तेव्हा कांद्याची गाडी लागलेली होती आणि हमाल पाठीवर पोतं घेऊन सरळ आत चालले होते. ड्रायव्हर तोच नव्हता, पण त्यालाही गोष्ट कळलेली असावी. मला बघून त्याने हात जोडले आणि मोठ्याने नमस्कार घातला. मी म्हटलं, "आकडा दाबा." हमाल पोत्याखालून हसले.

धाकटे शेठ केबिनमध्ये नव्या लाइनीवर मुंबईशी बोलत होते. बोलणं संपवून बाहेर आले, पेटीकडे पाहिलं, काळ्या फोनकडे पाहिलं. "केबिनमधून तो काळा डबा बरा दिसत नाही," ते म्हणाले.

"दिसायला नाहीच तो," थोरले म्हणाले.

"बरं. राहू द्या मशीन." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या मालकांना सांगा, पसंत आहे. आणि शेजारचे विचारत होते. त्यांच्याकडेही लावायचंय. पण म्हणाले, ज्या बाईंनी तुमच्याकडे केलं त्यांनाच पाठवा."

मी मालकांना फोन लावला. "राहिलं," मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे आता खुर्चीची सोय करायला हवी." त्यांच्या तोंडून एवढं आलं, म्हणजे सत्कारच.

"आणखी एक फोन करू का?" मी धाकट्या शेठांना विचारलं.

"करा की. तुमचंच मशीन."

मी शून्य दाबलं. मशीनने नवी लाइन दिली, जुन्याला हात न लावता, मी शिकवलं होतं तशी. गावातल्या दुकानाचा नंबर दाबला. एक रिंग ऐकली. दुसरी ऐकली. आणि ठेवून दिला.

धाकटे शेठ हसले. "काय हो, लागला नाही? आमच्याच मशीनवरून?"

मी उत्तर देण्याआधी गादीवरून आवाज आला. थोरल्यांनी सुपारीवरून मान वर केली नव्हती.

"लागला. पोचला पण. तू पट्ट्या लिही."